फौजदार आणि ढमीची साखर

दवाखान्यात कुणी कुत्रं घेऊन आलं की ते आधी माणसाची बोटं बघायचे. बोटांना बिस्किटाचा भुगा चिकटलाय का.

मग कुत्र्याचं तोंड हुंगायचे.

जनावर वजनकाट्यावर दोनदा चढवायचे. दोन्ही वेळा आकडा सारखा आला तर काट्याकडे संशयानं बघायचे.

एकच प्रश्न तीनदा विचारायचे. दारात, काट्यापाशी, आणि औषधं हातात देताना. तिन्ही उत्तरं जुळली की हळूच म्हणायचे, "पाठ करून आलेत."

मोठ्यांना विचारून झालं की घरातल्या लहान मुलीला किंवा मुलाला बाजूला घ्यायचे. "लहानांना खोटं बोलायला वेळ लागतो. तेवढ्यात आपलं काम होतं."

मालक सांगेल ते पेन्सिलीनं लिहायचे. जनावर सांगेल ते पेननं. जनावर काय सांगतं, असं मी एकदा विचारलं. "वजन, ताप, साखर," ते म्हणाले. "जनावराला सारवासारव येत नाही."

स्वतःच्या जेवणाच्या डब्यावर खडूची बारीक रेघ मारायचे. अर्धी झाकणावर, अर्धी डब्यावर. कुणी झाकण फिरवलं तर कळावं म्हणून. दवाखान्यात माणसं तीनच होती. डॉक्टरीणबाई, झाडणारी बाई आणि ते.

सगळे त्यांना फौजदार म्हणायचे. होते ते कंपाउंडर. जनावरांच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. ते गेले त्याला आज सोळा दिवस झाले. मला अजून नीट काही सुचत नाही. जे आठवतं ते क्रमानं लिहिते.

माझी त्यांची ओळख माझ्या मांजरीमुळे झाली. मांजर तेरा वर्षांची. दिवसभर खायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती.

"किती वेळा देता?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"पाच?"

"कधीकधी सहा."

"हाडांकडे बघून बोला."

डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. एक गाठ लागली. रक्त तपासलं. थायरॉईड वाढलं होतं. म्हाताऱ्या मांजरांत असं बऱ्याचदा होतं, त्या म्हणाल्या. भट्टी जोरात पेटते, घातलेलं सगळं जाळून टाकते. दोन वेळा अर्धी अर्धी गोळी.

गोळ्या देताना फौजदार म्हणाले, "पाच वेळा देत होतात हे खरं दिसतंय."

"तेच तर सांगत होते."

"सांगत सगळेच असतात." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय करता?"

"साहित्यात एम.ए. झालंय. मुद्रितं तपासते."

"म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढता."

"हो."

"मग बसा की इथं. आपला धंदा एकच."

मी बसले. चार वर्षं बसत राहिले. दवाखान्यातल्या बाकावर उजेड चांगला होता, पंखा होता. मांजर बरी झाली तरी मी जायचे. मी त्यांना काका म्हणू लागले. ते मला एम.ए. म्हणायचे. वयात पस्तीस वर्षांचं अंतर असलेल्या दोन माणसांची मैत्री होते का, असं त्यांच्या बहिणीनं एकदा विचारलं होतं. ती दोघं एकत्र राहायची. बहीण विधवा, हे बिनलग्नाचे. ते म्हणाले, "तिला माझा संशय येतो. मला तिचा येतो. झाली मैत्री."

त्यांचा संशय बहुतेक वेळा खरा ठरायचा. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एक कुत्रा आला होता. पाठ कमानीसारखी, पोट आत, सारख्या ओकाऱ्या. स्वादुपिंडाला सूज. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही तेलकट दिलंत का. घरातली सहा माणसं एका सुरात नाही म्हणाली. फौजदारांनी धाकट्या नातीला काट्यावर उभं केलं. "तुझं वजन बघू. अरे वा! आणि पार्टीत कुत्र्यानं किती खाल्लं?" नात म्हणाली, "आजोबांनी सगळं तळलेलं त्याच्या ताटलीत ओतलं." आजोबा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले.

दुसरी एक कुत्री. पोट घागरीसारखं सुटलेलं, कातडी कागदासारखी पातळ, अंगावरचे केस गेलेले, पाण्याच्या बादल्या रिचवायची. अंगात स्टिरॉइडचा हार्मोन जास्त झाल्यावर दिसतं तसं सगळं. पण तपासणीत तो हार्मोन जवळजवळ नव्हताच. म्हणजे बाहेरून येत होता. मालकीण शपथेवर सांगत होती, घरात औषधच नाही. फौजदार तिच्या हाताच्या कोपराकडे बघत होते. "हे मलम कसलं?" तिला इसबाचा त्रास होता आणि मलम स्टिरॉइडचं होतं. रोज संध्याकाळी ती मलम लावून बसायची आणि कुत्री प्रेमानं तिचा हात चाटायची. डॉक्टरीणबाईंनी मलम बंद करायला सांगितलं, पण कुत्रीला गोळ्या सुरू करून त्या हळूहळू कमी केल्या. एकदम तोडलं असतं तर कुत्री कोसळली असती. त्या दिवशी फौजदारांनी दोन कप चहा घेतला.

चुकायचेही. एक जाडजूड, सुस्त कुत्रा यायचा. शेपटीचे केस गेलेले. मालक सांगायचा, मूठभर खातो. फौजदार त्याला महिनाभर तोंडावर खोटारडा म्हणत होते. थायरॉईड कमी निघालं. तेव्हा ते म्हणाले, "तो मूठभर खात होता, पण मूठ कुणाची ते त्यानं सांगितलं नाही." हरले तरी पडतं घेत नसत.

मग ढमी आली.

ढमी नऊ वर्षांची. रंगानं बिस्किटासारखी. आता नावाचीच ढमी राहिली होती. बरगड्या मोजता येत होत्या. पाणी पाणी करायची आणि घरभर लघवी करायची. ती एका निवृत्त मुख्याध्यापिकेची कुत्री. बाईंबरोबर मुलगा आणि सून होते. मुलगा सुई बघितली की भिंत धरायचा.

मधुमेह निघाला. रोज दोन वेळा इन्सुलिन. आधी खाणं, मग सुई, बारा तासांच्या अंतरानं. सहा युनिट. जन्मभर.

"मी देते," सून म्हणाली.

मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सिरिंजवरच्या युनिटांच्या रेघा त्यांना दिसल्या नसत्या. त्यामुळे दुसरं कुणी नव्हतंच.

फौजदारांनी सुनेला शिकवलं. आधी स्पंजवर, सिरिंजमध्ये पाणी भरून. इन्सुलिनची बाटली हलवायची नाही, तळहातात फिरवायची. मानेमागची कातडी चिमटीत धरायची. आणि वापरलेल्या सुईला टोपी परत कधी लावायची नाही, बोटात घुसते. सुई सरळ प्लास्टिकच्या बाटलीत टाकायची. बाटली भरली की दवाखान्यात आणून द्यायची.

सुनेला पहिल्या फटक्यात जमलं.

ती गेल्यावर ते मला म्हणाले, "फारच लवकर आलं."

"हुशार असेल."

"हुशार माणूस आधी चुकतो, एम.ए."

महिन्यानं ढमीची साखर चारशे वीस. जराही उतरली नव्हती. सून म्हणाली, दोन्ही वेळा देते, घड्याळ लावून. त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं. सून ढमीला घेऊन आतल्या खोलीत गेली. मुख्याध्यापिकाबाई बाहेर बसल्या होत्या.

"तिला आवडत नाही कुत्रं," त्या आपणहून म्हणाल्या. "लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात नाक मुरडलं होतं. मी विसरलेले नाही."

फौजदार त्यांच्या शेजारी बसले. ते सहसा कुणाच्या शेजारी बसत नसत.

"बाई, एक विचारू? ज्या घरात कुत्रं आहे त्या घरातल्या माणसाच्या कपड्यांवर केस असतात. तुमच्या आहेत. मुलाच्या आहेत. सूनबाईंच्या कपड्यांवर एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जरा नजर ठेवा."

मी बाकावर होते. मी हे सगळं ऐकलं. मला गंमत वाटली होती. सुतावरून स्वर्ग गाठताहेत, एवढंच मनात आलं. घरी जाऊन मी ते वाक्य एका कागदावर उतरवूनही ठेवलं, चांगलं वाटलं म्हणून.

साखर का उतरत नव्हती ते डॉक्टरीणबाईंना दोन दिवसांत कळलं. ढमीच्या लघवीत जंतुसंसर्ग होता. असा संसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. मधुमेही कुत्र्यांत हे नेहमीचंच. त्यांनी औषध दिलं. सुनेनं तेही न चुकता दिलं. प्रश्न मिटला, असं आम्हाला वाटलं. फौजदारांनाही वाटलं असावं. पण 'नजर ठेवा' हे त्यांनी परत घेतलं नाही. ते त्यांच्या डोक्यातून गेलं, असं ते नंतर म्हणाले. मला तेव्हाही खरं वाटलं नाही. ते काही विसरणारे नव्हते.

सतरा तारखेला, दुपारी बाराला थोडा वेळ होता, तेव्हा दवाखान्यात फोन आला. मुख्याध्यापिकाबाई. ढमी दारुड्यासारखी चालतेय, भिंतीवर आपटली, आता पाय झाडतेय.

"साखरेचं पाणी करा," फौजदार ओरडले. "पाजू नका! ठसका लागेल. बोटानं हिरड्यांना चोळा. चोळत राहा आणि घेऊन या."

मुलानं आणली. साखर चौतीस. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं सलाईन लावलं. तासाभरानं ढमीनं डोकं उचललं आणि शेपटी एकदा आपटली. तोपर्यंत सून ऑफिसमधून धावत आली होती.

"किती दिलंस?" नवऱ्यानं विचारलं.

"सहा."

"सहाच?"

"रोज देते तेवढंच."

"सकाळी घाईत असते ती," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. कुणाकडेही न बघता.

मुलानं ढमीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बोलला. "मुद्दाम नाही ना केलंस?"

फौजदारांच्या हातात केसपेपर होता. त्यांनी लिहिलं, सहा. पेन्सिलीनं.

सुनेनं ते बघितलं. इतक्या दिवसांत तिला त्यांची पद्धत कळली होती.

"पेन संपलं का दवाखान्यातलं?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्याकडून सुई काढून घेतली. मुलगा डोळे अर्धे मिटून देऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी करून चारवर आणला, तर दोन दिवसांत साखर परत साडेतीनशेच्या वर. मग पुन्हा सहा. घरात एकच वाक्य फिरत होतं, की ती सहा सांगते पण देते किती कुणास ठाऊक. मुलानं डॉक्टरीणबाईंना विचारलंही, कुत्री दुसऱ्या कुणाला देता येईल का. बायकोवर आता भरवसा ठेवता येत नाही, असं तो म्हणाला नाही. पण तो तेच म्हणत होता.

फौजदारांनी सुयांची बाटली मागवली. दर महिन्याला ती त्यांच्याकडेच यायची. ही एक तारखेला सुरू झालेली बाटली.

त्यांनी हातमोजे घातले. बाटली कापली. ट्रेवर सुया ओळीनं मांडल्या. मी समोर बसले होते.

"सोळा दिवसांच्या बत्तीस. सतरा सकाळची एक. तेहतीस हव्यात," ते म्हणाले. "मुलाच्या सुया दुसऱ्या बाटलीत आहेत."

ट्रेवर बेचाळीस होत्या.

"बघ," ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "म्हटलं नव्हतं? नऊ जास्त. ही बया दोनदा देत होती."

मग ते वाकले. बराच वेळ वाकून राहिले. चिमट्यानं त्यांनी काही सुया वेगळ्या केल्या. एक, दोन, तीन. नऊ. त्या नवांना टोप्या लावलेल्या होत्या. घट्ट, नीट, शेवटपर्यंत दाबून. बाकीच्या तेहतीस उघड्या.

"टोपी लावायची नाही हे मी तिला शिकवलं," ते म्हणाले.

मी टोप्या पुन्हा मोजल्या.

"ज्याला शिकवलं त्यानं लावली नाही. ज्याला शिकवलं नाही त्यानं लावली." ते स्टुलावर बसले. "तीस वर्षं लाल पेनला टोपण लावलेला हात आहे तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. बाई एकट्या होत्या. काय झालं ते त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. सून साडेआठला बाहेर पडायची. बाई साडेनऊला ढमीला स्वतः टोचायच्या. रेघ दिसायची नाही, म्हणून अंदाजानं. सून स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहते, दोन सेकंदांत वळते, एवढ्यात कुणी सुई देतं का? देत नसणारच. हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"मला विचारायचं तरी होतं," फौजदार त्यांना म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात नजर ठेवा. मला दिसतं किती? नजर चालेना, म्हणून हात चालवला."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरची धूळ बोटानं एका बाजूला सारत होते.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, जुळतंय सगळं. संसर्ग असेपर्यंत दुहेरी डोस पचला. औषधानं संसर्ग हटला, इन्सुलिन लागू पडायला लागलं आणि नवव्या दिवशी कुत्री कोसळली. "घरच्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं वाक्यही सांगा."

रविवारी ते गेले. मला बरोबर नेलं. "माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," असं म्हणाले आणि हे म्हणताना स्वतःच चपापले.

बैठकीच्या खोलीत चौघं होतो, शिवाय बाई. फौजदारांनी सगळं सांगितलं. बेचाळीस, तेहतीस, नऊ, टोप्या.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मी? मला सुई दिसते तरी का?"

"बाई, परवा तुम्हीच मला..."

"परवा तुम्ही चहा प्यायला आला होतात."

मुलगा उभा राहिला. "काका, तुम्ही माझ्या आईवर आळ घेताय. टोप्या कुणीही लावील."

तीस वर्षं लोक त्यांच्यासमोर खरं बोलले होते आणि त्यांनी ते पेन्सिलीनं लिहिलं होतं. आता ते खरं बोलत होते. ते दाराशी उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

सून पहिल्यांदा बोलली. "मी देत नाही, असं यांच्या डोक्यात कुणी घातलं?"

फौजदार म्हणाले, "मी."

"का?"

"तुमच्या कपड्यांवर केस नव्हते."

ती हसली. ऐकवत नव्हतं ते हसू. मग ती आत गेली आणि चिकटपट्टीचं एक रीळ घेऊन आली. रीळ मळकट झालं होतं, बिस्किटी केसांनी भरून. "ऑफिसात एकीला दमा आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी दारात उभी राहून मी हे अंगावरून फिरवते." तिनं रीळ त्यांच्या हातात दिलं आणि ती खोलीत निघून गेली.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "शब्दाला किंमत नाही, एम.ए. माझ्याही नाही. आकडा पाहिजे."

त्यांनी जे ठरवलं ते साधं होतं. मधुमेही कुत्र्याचा दिवसभराचा आलेख काढतात. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत, दर दोन तासांनी कानाच्या कडेला टोचून एक थेंब रक्त. त्यावरून इन्सुलिन कसं उतरतं आणि कसं संपतं ते कळतं. एरवी हे दवाखान्यात करतात. त्यांना ते त्याच घरात, सगळ्यांसमोर, सुनेच्या हातानं दिलेल्या सहा युनिटांवर करायचं होतं. एक हात, एक सुई. साखर दुपारपर्यंत हळू उतरली आणि चारनंतर चढायला लागली, तर डोस बरोबर. म्हणजे सुनेनं कधी जास्त दिलं नव्हतं. चारलाही उतरतच राहिली, तर सहा युनिटच जास्त होते आणि मग नऊ टोप्यांना कुणी विचारलं नसतं.

"आणि तसं झालं तर?" मी विचारलं.

"तर मी तीस वर्षं कुत्र्यांची वजनं केली, एवढंच."

मुलगा तयार झाला. डॉक्टरीणबाईंनी साखर मोजायचं यंत्र दिलं. पुढच्या शनिवारी मुलाला आणि सुनेला सुट्टी होती.

ते पावणेआठलाच पोचले. मी साक्षीदार. त्यांनी एका कोऱ्या कागदावर पट्टीनं रकाने आखले. वेळ, साखर, कोणासमोर. मग फ्रिजसमोर खुर्ची टाकली आणि तिथंच बसले. इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं.

"आता फ्रिजलाही अटक का?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"जामिनावर आहे," ते म्हणाले.

मुलाला हसू आलं. त्यानं ते लगेच आवरलं.

आठ वाजता तीनशे बारा. ढमीनं खाल्लं. सुनेनं बाटली तळहातात फिरवली, सिरिंज उजेडाकडे धरली. सहा. मुलानं बघितलं. फौजदारांनी बघितलं. मी बघितलं. ढमी मुकाट्यानं उभी राहिली. सुई निघाल्यावर तिनं सुनेचं मनगट चाटलं.

दहाला दोनशे अठ्ठावीस.

मधल्या वेळात घरातली सगळी माणसं एकमेकांच्या हातांकडे बघत होती. मुख्याध्यापिकाबाई पाणी प्यायला उठल्या तरी मुलाची मान वळायची. हे त्याच्याही लक्षात आलं असावं. एकदा तो आईला म्हणाला, "तू बस, मी आणतो." बाईंनी भांडं त्याच्या हातातून घेतलं नाही.

बाराला एकशे एक्केचाळीस. फौजदारांनी आकडा लिहिला आणि मुलाला सही करायला लावली.

सुनेनं त्यांच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं. त्यांनी डबा आणला होता.

"विष नाही घातलेलं," ती म्हणाली.

त्यांनी डबा बंद केला आणि ताट घेतलं. जेवताना एकदाच वर बघितलं. "सूनबाई, स्पंजवर पहिल्या फटक्यात कसं जमलं होतं?"

"माझ्या वडिलांना दहा वर्षं देत होते."

"बोलला नाहीत कधी."

"तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही फक्त कपडे बघितलेत."

त्यांनी ताट संपवलं. स्वतः धुतलं.

दोनला एकशे अठरा. उतार कमी झाला होता. पण अजून उतारच होता. त्यांनी ढमीच्या कानाला कापूस धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांचा चेहरा मातकट दिसत होता. मी म्हटलं, "काका, पडा जरा." ते म्हणाले, "या घरात मी पडणार नाही. खाली हवा आहे. जरा पायरीवर बसून येतो. तू फ्रिजपाशी बस. उठू नकोस."

मी उठले नाही. साडेतीनच्या सुमाराला खालून कुणीतरी ओरडलं. तरीही मी क्षणभर खुर्चीवरच होते. त्यांनी सांगितलं होतं म्हणून. मग धावले.

ते सगळ्यात खालच्या पायरीवर होते. भिंतीला टेकलेले. त्यांना न्यायला गाडी आली तेव्हा चारला पाच मिनिटं होती. मुलगा गाडीत चढला. सून अनवाणी रस्त्यावर उभी होती. दवाखान्यात पोचण्याआधीच ते गेले होते. माणसांच्या दवाखान्यात. हृदय, असं म्हणाले. त्यांच्या बहिणीनं डॉक्टरांना तीनदा विचारलं, "नक्की?"

ते सुनेसाठी तिथं बसले होते, की स्वतःचं म्हणणं खरं करायला, हे मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मलाच विचारलं असतं, तुला संशय का आला.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आलेख काढू म्हणून निरोप पाठवला. मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं की आमच्या घरात आता हा तमाशा नको. मुलगा अजूनही डोळे मिटून सुई देतो. सून त्याच घरात आहे. ढमी तिच्या पायाशी झोपते आणि ती तिला हात लावत नाही, असं मुलगाच मला सांगत होता. मग त्यानं विचारलं, "दोनचा आकडा एकशे अठराच होता ना? तुम्ही बघितला होता ना?" मी हो म्हटलं. त्याला ते पुरलं नाही, हे मला दिसलं.

कागद माझ्याकडे आहे. आठ, तीनशे बारा. दहा, दोनशे अठ्ठावीस. बारा, एकशे एक्केचाळीस. दोन, एकशे अठरा. चारही आकड्यांसमोर सह्या आहेत. त्याखाली त्यांनी सकाळीच आखून ठेवलेल्या तीन रिकाम्या ओळी. चार. सहा. आठ. चारसाठीची सुई त्यांनी आधीच काढून कागदावर ठेवली होती. ती अजून वेष्टनात आहे.